दुसऱ्या उत्पादकाचे मोल

संगणक विकत घ्यावयास निघालेल्या माणसापुढे दुकानदार जे आकडे ठेवतो, त्यांत एक आकडा हमखास ‘कोअर’चा असतो. चार कोअर, सहा कोअर, आठ कोअर, सोळा कोअर. कोअर म्हणजे प्रोसेसर नावाच्या चिपमधील प्रत्यक्ष आकडेमोड करणारा स्वतंत्र घटक. पूर्वी एका चिपमध्ये असा एकच घटक असे. आता अनेक असतात. जितके कोअर अधिक तितका संगणक चांगला, अशा समजुतीने गिऱ्हाईक खिशात हात घालते. परंतु हा आकडा २००७ पासून जवळजवळ दहा वर्षे सर्वसामान्य संगणकांत चारावरच का थबकला होता, आणि २०१७ ते २०१९ या तीन वर्षांत तो सोळापर्यंत कसा जाऊन पोहोचला? प्रश्न वरवर पाहता अभियंत्यांचा वाटेल. वस्तुतः तो अर्थशास्त्राचा आहे. कारण २०१७ मध्ये निसर्गाचे नियम बदलले नाहीत, आणि गिऱ्हाइकाची गरजही एकाएकी चौपट झाली नाही. बदलली ती बाजाराची स्थिती.

आपल्या कचेऱ्यांतून व महाविद्यालयांतून दिसणारे बहुसंख्य संगणक ज्या ‘एक्स-८६’ घराण्याच्या प्रोसेसरांवर चालतात, ते बनविणारे नाव घेण्याजोगे उत्पादक जगात दोनच आहेत : इंटेल आणि एएमडी. दोघांचाही उगम कॅलिफोर्नियातील फेअरचाइल्ड या एकाच कंपनीतून बाहेर पडलेल्या माणसांपासून झाला. रॉबर्ट नॉइस व गॉर्डन मूर यांनी १९६८ मध्ये इंटेल काढली, तर जेरी सँडर्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये एएमडी. अशा दोनच विक्रेत्यांच्या बाजाराला अर्थशास्त्रात द्वयाधिकार म्हणतात. १८३८ साली कूर्नो या फ्रेंच विचारवंताने झऱ्याचे पाणी विकणाऱ्या दोघा विक्रेत्यांचे उदाहरण घेऊन या बाजाराचे गणित मांडले; १८८३ मध्ये बर्ट्रांड याने त्यावर आक्षेप घेऊन दोनच विक्रेतेसुद्धा किंमत उत्पादनखर्चापर्यंत खाली आणू शकतील, असे दाखविले. दोन्ही प्रतिपादने आम्ही वर्गात फळ्यावर आकृत्या काढून शिकवितो. मात्र दोन्हींत दुसरा विक्रेता आहे हे गृहीत धरलेले असते. तो येतो कोठून आणि टिकतो कशाच्या आधारावर, हा प्रश्न आकृतीच्या बाहेर राहतो. प्रोसेसरच्या बाजाराचा गेल्या चार दशकांचा इतिहास या बाहेर राहिलेल्या प्रश्नाचे उत्तर देतो, आणि ते उत्तर असे आहे की दुसरा उत्पादक आपोआप टिकत नाही. त्याला कोणीतरी जाणीवपूर्वक टिकवावे लागते.

वेग सोडून संख्येकडे

मुळात एका चिपमध्ये अनेक कोअर घालण्याची पाळी का आली, हे थोडक्यात पाहिले पाहिजे. चिपवरील घटकांची संख्या ठरावीक काळाने दुप्पट होत जाईल, असे भाकीत मूर यांनी १९६५ मध्ये केले. १९७४ मध्ये आयबीएमच्या रॉबर्ट डेनार्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याला पूरक अशी गोष्ट सांगितली : घटक जसजसे लहान होतील तसतसा त्यांना लागणारा विद्युतदाबही त्याच प्रमाणात उतरविता येईल, आणि म्हणून चिप वेगाने चालविली तरी ती प्रमाणाबाहेर तापणार नाही. जवळजवळ तीस वर्षे हे खरे ठरले. नवा प्रोसेसर म्हणजे अधिक वेगवान प्रोसेसर, असे साधे समीकरण त्यामुळेच रूढ झाले. पण २००४ च्या सुमारास ते मोडले. घटक इतके सूक्ष्म झाले की बंद स्थितीतही त्यांतून वीज झिरपू लागली. दाब आणखी उतरविता येईना. वेग वाढवावयाचा तर दाब वाढविणे आले, आणि दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात विजेचा खर्च वाढतो. नोव्हेंबर २००४ मध्ये इंटेलचा पेंटियम-४ सेकंदाला ३८० कोटी ठोक्यांपर्यंत पोहोचला. ४०० कोटींचा जाहीर केलेला प्रोसेसर कंपनीने त्याआधीच, ऑक्टोबरमध्ये, रद्द केला होता. एका कारकुनाला दुप्पट वेगाने राबवून तो आजारी पडत असेल तर बेताच्या वेगाचे दोन कारकून नेमावेत, हा व्यवहारी मार्ग उरला. अनेक कोअर असलेली चिप ती हीच.

अनेक साध्या प्रोसेसरांकडून मिळून काम करवून घेण्याची कल्पना आपल्याकडेही अनोळखी नव्हती. पुण्यात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅकने विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये उभा केलेला ‘परम ८०००’ हा महासंगणक ब्रिटनमधील इनमॉस कंपनीच्या ट्रान्सप्यूटर चिपा एकत्र जोडूनच तयार झाला होता. नवीन होते ते एवढेच की असे अनेक घटक आता एकाच चिपवर येऊ लागले. आयबीएमने २००१ मध्ये मोठ्या संगणकांसाठी तसा ‘पॉवर-४’ प्रोसेसर काढला होता. इंटेल व एएमडी यांनी २००५ मध्ये ती गोष्ट घराघरांत नेली.

मात्र कोअरची संख्या आणि कामाचा वेग यांचे नाते सरळ नाही. ते परीक्षेच्या उदाहरणाने समजेल. समजा, एका विषयाच्या उत्तरपत्रिका तपासण्यास एकूण ८० तास लागतात आणि त्यानंतर निकालपत्रक तयार करण्यास २० तास. तपासणीचे काम कितीही परीक्षकांत वाटता येते. निकालपत्रक मात्र एकाच माणसाने करावयाचे असते. परीक्षक एक असेल तर १०० तास लागतील. चार परीक्षक नेमल्यास ४० तास, आठ नेमल्यास ३० तास आणि सोळा नेमल्यास २५ तास. परीक्षक शंभर नेमले तरी २० तासांच्या खाली कोणीही जाऊ शकत नाही. जीन अॅमडाल यांनी १९६७ मध्ये मांडलेल्या नियमाचा हा साधा आशय. म्हणून पत्र लिहिणे, तक्ता भरणे, बातमी वाचणे एवढ्यासाठी संगणक घेणाऱ्याने सोळा कोअरांसाठी पैसे मोजणे म्हणजे पाच जणांच्या घरात पन्नास माणसांचे पातेले आणणे होय. हे सांगावयाचे कारण असे की पुढील विवेचनातून ‘अधिक कोअर म्हणजे अधिक कल्याण’ असा अर्थ कोणी काढू नये. कोअरची संख्या येथे तापमापकातील पाऱ्यासारखी आहे. तिच्यावरून बाजारातील स्पर्धेची धग कळते.

दुसरा जन्मला कसा?

एएमडी ही इंटेलची प्रतिस्पर्धी झाली ती खुल्या बाजारातील कोणा अदृश्य हाताच्या कृपेने नव्हे. १९८१ मध्ये आयबीएमने आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणला आणि त्यासाठी इंटेलचा ८०८८ हा प्रोसेसर निवडला. एकाच पुरवठादाराच्या हाती आपली मान देण्याची आयबीएमची तयारी नव्हती. तोच प्रोसेसर बनविणारा दुसरा कारखानदार असला पाहिजे, असा तिचा आग्रह होता. त्यातून १९८२ मध्ये इंटेल व एएमडी यांच्यात तंत्रज्ञानाच्या देवाणघेवाणीचा करार झाला. म्हणजे या बाजारातील स्पर्धेची जननी एका मोठ्या ग्राहकाची सावधगिरी होती.

ग्राहकाचा हा दबाव सैल होताच करार डळमळला. १९८५ च्या ८०३८६ या प्रोसेसरचा आराखडा इंटेलने एएमडीला दिला नाही. प्रकरण लवादाकडे आणि न्यायालयात गेले. एएमडीने स्वतःच्या हिमतीवर आपला ३८६ काढला तो १९९१ मध्ये, आणि उभयतांची तडजोड झाली ती १९९५ मध्ये. पेंटियमच्या निर्मितीत मोलाचा वाटा असलेले, पुण्यात जन्मलेले विनोद धाम त्याच वर्षी इंटेल सोडून नेक्सजेन या लहानशा कंपनीत गेले. १९९६ मध्ये ती कंपनी एएमडीने विकत घेतली, आणि तिच्याच आराखड्यातून १९९७ चा के-६ प्रोसेसर तयार झाला. ज्ञान माणसाबरोबर चालत जाते. परवाना मात्र तसा जात नाही. आणि एक्स-८६ चा परवाना मिळाल्यावाचून या बाजारात तिसऱ्याला पाऊल ठेवणे जवळजवळ अशक्य आहे. म्हणूनच दुसरा गेला तर त्याची जागा घेण्यास दाराबाहेर कोणी रांग लावून उभे नव्हते.

या दुसऱ्याने केवळ स्वस्त नक्कल केली असती तर त्याचे एवढे कौतुक करण्याचे कारण नव्हते. शतकाच्या आरंभी इंटेलने एकावेळी ६४ अंकस्थाने हाताळणाऱ्या मोठ्या संगणकांसाठी जुन्या घराण्याशी नाते तोडणारा ‘इटॅनियम’ प्रोसेसर पुढे केला होता. जुने सारे प्रोग्रॅम त्यावर नीट चालत नसत. एएमडीने एप्रिल २००३ मध्ये ‘ऑप्टेरॉन’ आणून दाखविले की जुने घर न पाडताही वरचा मजला चढविता येतो. २००४ मध्ये इंटेलला तीच रचना स्वीकारावी लागली. आज इंटेलचे चिन्ह लावलेल्या संगणकांतही चालते ती ही प्रतिस्पर्ध्याने घालून दिलेली पद्धत.

किंमत, सवलत आणि न्यायालय

एप्रिल २००५ मध्ये अवघ्या काही दिवसांच्या अंतराने दोघांनीही आपापले दोन कोअरांचे प्रोसेसर बाजारात आणले. इंटेलच्या चिपमधील दोन कोअर एकमेकांशी बोलत ते चिपबाहेरच्या मार्गाने. एएमडीचे कोअर आतल्या आत बोलत, आणि त्यामुळे त्यांचे काम अधिक चांगले होई. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये एएमडीने वृत्तपत्रांत जाहिराती देऊन इंटेलला दोन कोअरांच्या जाहीर द्वंद्वाचे आव्हान दिले. इंटेलने ते स्वीकारले नाही.

पण याच वेळी एएमडीने काय केले, हेही नोंदविले पाहिजे. तिच्या घरगुती संगणकासाठीच्या दोन कोअरांच्या प्रोसेसरांपैकी सर्वांत स्वस्त प्रोसेसरची किंमत आरंभी ५३७ डॉलर होती, तर इंटेलचा सर्वांत स्वस्त पेंटियम-डी २४१ डॉलरला मिळत होता. गुणवत्तेत पुढे गेल्याबरोबर दुसऱ्यानेही पहिल्यासारखीच किंमत लावली. जुलै २००६ मध्ये इंटेलने हैफा येथील आपल्या तंत्रज्ञांच्या कामावर आधारलेला ‘कोअर-२’ आणला, तेव्हा एएमडीच्या किमती धाडकन खाली आल्या. सद्गुण कोणा एका कंपनीच्या अंगी नसतो. समोर दुसरा उभा असल्यामुळे तो दोघांच्याही अंगी येतो.

माल चांगला असूनही एएमडीला बाजारात अपेक्षित जागा का मिळेना? डेल कंपनी २००६ पर्यंत केवळ इंटेलचेच प्रोसेसर वापरीत असे. अमेरिकेच्या रोखे बाजार नियंत्रकाने २०१० मध्ये डेलवर भागधारकांपासून माहिती दडविल्याचा ठपका ठेवला. इंटेलकडून डेलला मिळणाऱ्या रकमा एका तिमाहीत डेलच्या चालू नफ्याच्या ७६ टक्क्यांपर्यंत गेल्या होत्या, असे त्या तक्रारीत म्हटले होते. आरोप मान्य वा अमान्य न करता डेलने १० कोटी डॉलर दंड भरला. एएमडीने २००५ मध्येच इंटेलविरुद्ध दावा लावला होता. जपान व दक्षिण कोरियातील नियामकांनी इंटेलविरुद्ध निर्णय दिले. मे २००९ मध्ये युरोपीय आयोगाने इंटेलला १०६ कोटी युरोंचा दंड ठोठावला आणि नोव्हेंबरमध्ये इंटेलने एएमडीला १२५ कोटी डॉलर देऊन दावा मिटविला.

निष्पक्षपणे सांगावयाचे तर युरोपातील प्रकरणाचा शेवट एवढा सरळ झाला नाही. सवलतींमुळे तितक्याच कार्यक्षम प्रतिस्पर्ध्याचे नुकसान होऊ शकले असते की नाही, याचे आयोगाने केलेले विश्लेषण सदोष आहे, असे २०२२ मध्ये तेथील न्यायालयाने ठरविले, आणि २०२४ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. प्रतिस्पर्ध्याचा माल रोखून धरण्यासाठी दिलेल्या रकमांचा लहान भाग तेवढा वेगळा राहिला. सवलत ही ग्राहकाला दिलेली भेट आहे की प्रतिस्पर्ध्याच्या वाटेतील काटा आहे, हे ठरविणे अर्थशास्त्रज्ञांनाही सोपे नाही. पण कायद्याचा हा सारा विलंब कोणाच्या पथ्यावर पडतो, हे मात्र उघड आहे. तक्रार २००० सालची, अंतिम निर्णय २०२४ चा. चोवीस वर्षांत प्रोसेसरांच्या कितीतरी पिढ्या होऊन जातात. घोडे पळून गेल्यावर तबेल्याला कुलूप लावण्याचाच हा प्रकार.

चार कोअरांचे दशक

नोव्हेंबर २००६ मध्ये इंटेलने दोन-दोन कोअरांच्या दोन चकत्या एकाच आवरणात बसवून चार कोअरांचा प्रोसेसर विकावयास काढला. असा जोडकामाचा प्रोसेसर हा खरा चार कोअरांचा नव्हेच, असे म्हणत एएमडीने एकाच चकतीवर चारही कोअर असलेला ‘बार्सिलोना’ सप्टेंबर २००७ मध्ये आणला. तो उशिरा आला, आणि त्यात दोष निघाला. शुद्धतेच्या आग्रहापायी वेळ गेली. त्याच सुमारास, २००६ मध्ये, ५४० कोटी डॉलरना एटीआय ही कंपनी घेतल्यामुळे कर्जाचा डोंगर झाला होता. २००९ मध्ये एएमडीने आपले कारखाने अबू धाबीच्या भांडवलावर उभ्या राहिलेल्या ग्लोबलफाउंड्रीज या वेगळ्या कंपनीकडे सोपविले. २०११ चा ‘बुलडोझर’ प्रोसेसर आठ कोअरांचा म्हणून विकला गेला. पण त्यात दोन-दोन कोअर मिळून एकच दशांश-गणिताचा विभाग वापरीत. हे आठ कोअर म्हणावयाचे काय, असा दावा अमेरिकेत ग्राहकांनी लावला आणि २०१९ मध्ये १ कोटी २१ लाख डॉलर देऊन एएमडीने तो मिटविला. २०१५ मध्ये एएमडीचा भाग दोन डॉलरच्याही खाली गेला होता. इंटेलच्या वागणुकीने दुसऱ्याला किती दुबळे केले आणि त्याच्या स्वतःच्या चुकांनी किती, याचा हिशेब लावणे कठीण आहे. परिणाम मात्र निःसंदिग्ध होता.

२००७ मध्ये इंटेलच्या सर्वसामान्य संगणकासाठीच्या मालिकेत कमाल चार कोअर होते. जानेवारी २०१७ मध्ये आलेल्या तिच्या त्या मालिकेतील सर्वांत वरच्या प्रोसेसरातही चारच कोअर होते. अधिक कोअर बनविणे इंटेलला जमत नव्हते काय? मुळीच नाही. २०१० मध्ये तिने सहा कोअरांचा प्रोसेसर ९९९ डॉलरना विकला. २०१४ मध्ये मोठ्या संगणकांसाठी तिच्याकडे १८ कोअरांचा प्रोसेसर होता. त्याची किंमत चार हजार डॉलरच्या वर होती. एएमडीनेही २०१० मध्ये सुमारे ३०० डॉलरना सहा कोअर देऊ केले होते, परंतु तिचा प्रत्येक कोअर इंटेलच्या कोअरपेक्षा दुबळा असल्यामुळे त्याचा धाक बसला नाही. ज्याला अधिक हवे त्याने अनेक पटींनी पैसे मोजावेत आणि इतरांनी चारांवर समाधान मानावे, अशी ही मूल्यभेदाची योजना होती. प्रत्येक वर्षी नवा माल येई, थोडा वेग वाढे, थोडी वीज वाचे. भिंत मात्र जागची हलत नसे.

मार्च २०१७ मध्ये ती हलली. लिसा सू यांच्याकडे २०१४ मध्ये सूत्रे आल्यानंतर एएमडीने नव्याने आखलेला ‘रायझन’ प्रोसेसर बाजारात आला. त्यात आठ कोअर होते आणि सर्वांत वरच्या प्रकाराची किंमत ४९९ डॉलर होती. इंटेलचा आठ कोअरांचा प्रोसेसर तेव्हा हजार डॉलरच्या वर विकला जात होता. सात महिन्यांत, ऑक्टोबर २०१७ मध्ये, इंटेलने सर्वसामान्य मालिकेत सहा कोअर दिले, तेही ३५९ डॉलरना. २०१८ मध्ये आठ दिले. २०१९ च्या नोव्हेंबरात एएमडीने सोळा कोअर ७४९ डॉलरना देऊ केले. मोठ्या संगणकांच्या बाजारात एएमडी जवळजवळ नाहीशी झाली होती. तेथे २०१७ मध्ये तिने ३२ कोअरांचा आणि २०१९ मध्ये ६४ कोअरांचा ‘एपिक’ आणला. पुण्याच्या सी-डॅकमधील २०२० च्या ‘परम सिद्धी-एआय’ महासंगणकात बसविलेले प्रोसेसर हेच. गंमत अशी की अनेक चकत्या जोडून केलेल्या या प्रोसेसराला २०१७ मध्ये इंटेलने ‘डिंकाने चिकटविलेला’ म्हणून हिणविले. अकरा वर्षांपूर्वी स्वतः इंटेलने तेच केले होते. आज इंटेलचे नवे प्रोसेसरही चकत्या जोडूनच तयार होतात.

एक आक्षेप

यावर एक आक्षेप असा घेतला जाईल की इंटेलचे थबकणे हे तांत्रिक अडचणींचे फळ होते. १० नॅनोमीटर या नावाने ओळखली जाणारी तिची निर्मितीपद्धती २०१६ च्या सुमारास अपेक्षित होती, ती मोठ्या प्रमाणावर हाती आली २०१९ मध्ये. शिवाय बहुतेक प्रोग्रॅम अनेक कोअरांचा उपयोग करून घेत नसत. मग कोअर देऊन उपयोग काय? आक्षेपात तथ्य आहे, पण तो पुरेसा नाही. २०१७ मध्ये इंटेलने चाराचे सहा केले ते जुन्याच १४ नॅनोमीटर पद्धतीने. जी गोष्ट सात महिन्यांत झाली ती आदल्या काही वर्षांत होऊ शकली नसती, असे म्हणणे पटण्यासारखे नाही. प्रोग्रॅमांविषयी म्हणावयाचे तर, घरोघरी चारच कोअर आहेत हे माहीत असताना आठांसाठी प्रोग्रॅम लिहिण्याचे कष्ट कोण घेईल? पुरवठा थांबला म्हणून मागणी थांबली, आणि मागणी नाही म्हणून पुरवठा नाही, असे हे चक्र होते. ते बाहेरून धक्का बसल्यावाचून फिरत नाही.

जिंकल्यावर एएमडीही बदलली, हे सांगावयास नकोच. नोव्हेंबर २०२० मध्ये तिच्या प्रोसेसरांची नवी मालिका आली तेव्हा ती गुणांत इंटेलच्या पुढे होती, आणि किमती आधीच्या मालिकेपेक्षा सुमारे ५० डॉलरांनी वाढलेल्या होत्या. नोव्हेंबर २०२१ मध्ये इंटेलने मोठे व लहान असे दोन प्रकारचे कोअर एकत्र घालून उत्तर दिले, आणि पुन्हा ग्राहकाचे पारडे जड झाले. तेव्हा या कथेत एक नायक व एक खलनायक शोधू नये. ग्राहकाला लाभ झाला तो दोघे एकमेकांच्या जवळ धावत होते तेव्हा.

आता दुसरा कोण?

आज चित्र पुन्हा पालटले आहे, आणि त्यातील धडा अधिक गंभीर आहे. अॅपलने २०२० पासून आपल्या संगणकांत इंटेलऐवजी आर्म पद्धतीचे स्वतःचे प्रोसेसर घालावयास प्रारंभ केला. ऑक्टोबर २०२४ मध्ये एक्स-८६ घराण्याच्या रक्षणासाठी इंटेल व एएमडी या जन्माच्या वैऱ्यांनी एक संयुक्त सल्लागार गट स्थापन केला. अधिक महत्त्वाचे म्हणजे, एएमडीचे आधुनिक प्रोसेसर तैवानमधील टीएसएमसी या कंपनीच्या कारखान्यांत तयार होतात, आणि २०२४ मध्ये आलेल्या इंटेलच्या काही प्रोसेसरांतील मुख्य चकतीही तेथेच बनते. या कारखान्यांना लागणारी अतिसूक्ष्म प्रकाशमुद्रणाची यंत्रे नेदरलँड्समधील एएसएमएल ही एकच कंपनी पुरविते. दुकानात दोन नावे दिसतात. पण जिना उतरून तळघरात गेले तर दरवाजा एकच आहे. वरच्या मजल्यावरील स्पर्धा पाहून खूश होणाऱ्याने खालच्या मजल्यावरील मक्तेदारीकडे दुर्लक्ष करू नये.

ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेच्या सरकारने इंटेलमध्ये सुमारे दहा टक्के हिस्सा घेतला. खुल्या बाजाराचे गोडवे गाणाऱ्या देशाने एका खाजगी कंपनीत भागीदार व्हावे, याचे अनेकांना नवल वाटले. त्या निर्णयाच्या औचित्याविषयी मतभेद होऊ शकतील. परंतु त्यामागील चिंता १९८२ मध्ये आयबीएमला वाटलेल्या चिंतेहून वेगळी नाही : पुरवठा एकाच्या हाती असू नये. फरक एवढाच की तेव्हा ज्याच्यासाठी दुसरा शोधावा लागला, तो इंटेल आज चिपनिर्मितीच्या क्षेत्रात स्वतःच आधार शोधणारा दुसरा झाला आहे.

आपल्यासारख्यांनी यातून काय घ्यावे? इंटेल वा एएमडी यांच्या धोरणांवर आपला काही अधिकार चालत नाही, हे खरे. पण आपण अगदीच प्रेक्षक नाही. २०१६ मध्ये इंटेलने भारतापुरता असा नियम केला की येथील अधिकृत वितरकाकडून घेतलेल्या प्रोसेसरलाच येथे हमी मिळेल. परदेशातील अधिकृत विक्रेत्याकडून आणलेल्या मालाला ती मिळेना. २०१९ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने त्याची चौकशी करण्याचा आदेश दिला. आपल्या देशात असे आयोग आहेत आणि त्यांना तक्रार लागते, एवढे तरी आपण लक्षात ठेवावे.

त्याहून जवळची गोष्ट खरेदीची. शाळा, महाविद्यालये, सरकारी कचेऱ्या यांची संगणकखरेदी निविदांनी होते. निविदेचा मसुदा पुष्कळदा गेल्या वर्षीच्या मसुद्यावरून उतरविला जातो, आणि त्यात एका कंपनीच्या प्रोसेसरचे नाव जसेच्या तसे येते. लिहिणाऱ्या लिपिकाच्या मनात काहीही नसते. समितीवरील आम्हा प्राध्यापकांनाही ते नाव मराठीतील सामान्यनामासारखे वाटू लागलेले असते. परंतु त्या एका ओळीने दुसऱ्या उत्पादकासाठी दार बंद होते. युरोपीय आयोगाने २००४ मध्ये नेमका हाच प्रश्न हाती घेऊन इटली, जर्मनी, फ्रान्स आदी देशांना विचारले होते की सरकारी निविदांत इंटेलचे नाव का घातले जाते. आपल्या केंद्र सरकारच्या २०१७ च्या सामान्य वित्तीय नियमांचाही रोख हाच आहे की खरेदीच्या वर्णनात विशिष्ट व्यापारचिन्हाचा आग्रह नसावा. नियम कागदावर आहे. मसुद्यात तो उतरविणे आपल्या हाती आहे : कंपनीचे नाव खोडावे, आपल्याला जे काम करावयाचे आहे ते लिहावे, किती वेळात व्हावयास हवे ते लिहावे, आणि ज्याला जमेल त्याला भाव सांगू द्यावा. कोअर किती असावेत हेही मग कामावरून ठरेल, जाहिरातीवरून ठरणार नाही.

एका महाविद्यालयाच्या तीस-चाळीस संगणकांनी सांता क्लाराच्या कंपन्यांचे काही बिघडणार नाही, असे कोणी म्हणेल. परंतु मक्तेदारी अशाच लहान-लहान सवयींच्या बेरजेवर उभी राहते. दुसऱ्या उत्पादकाला दार उघडे ठेवण्यास ग्राहकाला फारसा खर्च येत नाही. ते बंद ठेवल्याचा खर्च किती येतो, हे चार कोअरांच्या त्या दहा वर्षांनी दाखवून दिले आहे.